कमरेला सहा, ठिकाण न लिहिल्यास नऊ

काही वर्षांपूर्वी सकाळी पावणेनऊच्या सुमारास तुम्ही अमरावतीच्या आमच्या ऑफिसखालून गेला असाल, तर तुम्हालाही एखादा आकडा मिळालेला असणार. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस चहाचा कागदी कप घेऊन उभा असायचा. ते आमचे सर. खाली कुणी लंगडत गेलं, कुणी खोकलं, कुणाचा हात थरथरला, की सर ओठांतल्या ओठांत पुटपुटत, खिशातून छोटी लाल वही काढत आणि लिहीत. भाजीची गाडी ढकलणारी बाई गुडघ्यावर हात टेकून उठली, तिला एक आकडा. समोरच्या झेरॉक्सवाल्याची मान एका बाजूला कलली, त्याला एक. ती बिचारी आपापल्या कामाला जात. वरून कुणीतरी आपली नोंद केली आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

आमचं काम काय ते आधी सांगते, कारण अंजनगाव सुर्जीला माझ्या बाबांना ते अजूनही कळलेलं नाही. परदेशातले डॉक्टर तिकडच्या रोग्यांना तपासून टिपणं लिहितात. ती टिपणं आमच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरवर येतात. आम्ही वीस-पंचवीस जण, कुणी बीएस्सी, कुणी बीफार्म, ती वाचतो आणि प्रत्येक रोगाला त्याचा ठरलेला आकडा लावतो. याला कोडिंग म्हणतात. रोगी आम्हाला दिसत नाही, आम्ही रोग्याला दिसत नाही. आणि आमच्या आकड्यांत चुका काढायला वर एक ऑडिटर असतो. सर म्हणजे ते ऑडिटर.

एक उदाहरण देते, पुढं तेच लागणार आहे. कण्याचा एक आजार आहे. ऐन तारुण्यात कंबर आखडायला लागते, सांधे आतून सुजतात, आणि वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नाही तर मणके एकमेकांना जुळून कणा ताठ होतो. त्याचा कोड एम पंचेचाळीस. त्यापुढं टिंब, आणि टिंबापुढं एक अंक, आजार कण्याच्या कुठल्या भागात आहे त्याचा. मानेला दोन, पाठीला चार, कमरेला सहा. डॉक्टरनं ठिकाणच लिहिलं नसेल तर नऊ.

सरांचा सगळा जीव त्या शेवटच्या अंकात होता. नऊ दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. "नऊ म्हनजे आळस," ते हॉलभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "डाक्टरचा आळस, नाई तं तुहा आळस." रिक्षावाला म्हणाला, गर्ल्स हायस्कूल चौकात सोडतो, तर हे विचारणार, चौकात म्हणजे नेमकं कुठं. कुणी म्हणालं, सर आज डोकं दुखतंय, तर लगेच, कोणत्या बाजूनं, कधीपासून, उजेडाचा त्रास होते काय. नव्या मुलींना वाटायचं, किती काळजी आहे बाई या माणसाला! दोन-तीन प्रश्न झाले की सर समाधानानं मान हलवून निघून जायचे, आणि मुलगी डोकं धरून तिथंच बसलेली असायची. गोळी आहे का, पाणी हवं का, हे विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

सर अकोल्याचे. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. अकोल्याच्या उन्हाचासुद्धा त्यांना अभिमान होता. मे महिन्यात आम्ही कूलरच्या तोंडाशी खुर्च्या ओढून बसायचो, तर हे गळ्यापर्यंत बटणं लावून म्हणायचे, "हे काय ऊन हाये? अकोल्याले या." दुसऱ्याला त्रास होतो आहे यात त्यांना आनंद नव्हता, एवढं कबूल करते. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, हे मला जास्त वाईट वाटायचं.

शबानाची गोष्ट घ्या. शबाना माझ्या शेजारी बसायची, अचलपूरहून रोज एसटीनं यायची. एकदा ऑफिसच्या जिन्यात तिचा पाय गेला आणि ती चार पायऱ्या घसरत खाली आली. सर वरून येत होते. ते तिच्यापाशी थांबले, वाकले, आणि म्हणाले, "घसरली का अडखळली?"

"सर, हात तो दो पहले!" शबाना कळवळत म्हणाली.

"पायरी ओली होती काय? कितव्या पायरीवरून गेली?"

आमच्या पुस्तकात घसरण्याचा कोड वेगळा, अडखळण्याचा वेगळा, कुणी ढकललं तर त्याचाही वेगळा. सरांना ते पुरं करायचं होतं. मी धावत येऊन तिला उचललं. घोटा सुजून भाकरीएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी पायाला पट्टी बांधून ती आली आणि मला म्हणाली, "मैं मर भी गई ना, तो ये आदमी पूछेगा, कौनसे कमरे में मरी." आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मग लक्षात आलं की तो खरंच विचारेल.

पण या सगळ्याच्या वर सरांचा एक नियम होता, आणि तो नुसता सरांचा नव्हता, आमच्या धंद्याचाच होता. डॉक्टरनं लिहिलं तोच रोग. टिपणात सगळी लक्षणं असोत, रक्ताची तपासणी असो, एक्सरे असो, डॉक्टरनं रोगाचं नाव लिहिलं नसेल तर कोडरनं ते आपल्या मनानं लावायचं नाही. शंका आली तर डॉक्टरला विचारणा पाठवायची. आणि त्या विचारणेतही उत्तर सुचवायचं नाही. 'रोग्याला अमुक आजार आहे का?' असं लिहिणं गुन्हा. 'रोग्याच्या कमरेच्या स्थितीबाबत आपणांस काही अधिक नमूद करावयाचे आहे का?' असं लिहायचं. म्हणजे डॉक्टरच्या तोंडात आपण शब्द घातला असं होत नाही.

ऑफिसात हे ठीक आहे. सरांनी ते अंगातच भिनवून घेतलं होतं. एकदा मी घाईत कुर्ता उलटा घालून गेले. शिवणी बाहेर, मागं गळ्याशी कंपनीचं लेबल लोंबतंय. सरांनी मला नऊ वाजताच पाहिलं. जवळ आले, घसा साफ केला, आणि एकदम लेखी भाषेत म्हणाले, "तुझ्या आजच्या पोशाखाबाबत तुला काही अधिक नमूद करायचं आहे का?"

मला वाटलं, कौतुक करताहेत. मी खुश होऊन म्हटलं, "नवीन हाये सर. परतवाड्याहून घेतला."

"बरं," म्हणाले आणि गेले. पाच वाजता शबानानं सांगेपर्यंत मी तशीच फिरत होते. दिवसभर त्या माणसाला ठाऊक होतं. पण सुचवायचं नव्हतं ना!

आता दादाविषयी. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. गाडगेनगरात दोन खोल्या घेऊन आम्ही भाऊबहीण राहत होतो. तो एका दुचाकीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा. पण सकाळी उठायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. सातला हाक मारावी, तर आठपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहायचा. मग भिंतीला धरून उभा राहायचा, मग खोलीतल्या खोलीत येरझारा घालायचा. कंबर धरली म्हणायचा. आणि हाच माणूस संध्याकाळी मैदानावर पोरांसोबत व्हॉलीबॉल खेळायचा, उंच उडी मारून चेंडू हाणायचा.

बाबा फोनवर म्हणायचे, "कामाच्या वक्ताले कंबर धरते अन् खेयाच्या वक्ताले सुटते, असा कोनता रोग हाये बावा?" आम्ही हसायचो. दादाही हसायचा. वर्कशॉपचा मालक मात्र हसत नसे. उशीर झाला की अर्ध्या दिवसाची हजेरी कापायचा आणि उद्यापासून येऊ नको अशी धमकी द्यायचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या आणि कागदावर एकच शब्द लिहिला होता, कंबरदुखी. दादाची नोकरी, त्याचा खेळ, त्याचा सगळा ताठ कणा पणाला लागला होता, आणि घरात त्या गोष्टीचं नाव आळस होतं. मीही तेच नाव वापरत होते.

रोज सकाळी तोच मला मोटारसायकलनं ऑफिसला सोडायचा. वर गॅलरीत सर उभे असायचेच.

एका दुपारी माझ्याकडं एक चार्ट, म्हणजे एका रोग्याची सगळी टिपणं, आला. तिकडचा कुणी तरुण सुतार, सत्तावीस वर्षांचा. सकाळी उठल्यावर तासभर कंबर आखडलेली, हालचाल केली की सुटते, बसून राहिलं की पुन्हा धरते. एक्सरेत कमरेखालच्या सांध्यांमध्ये बदल. कणा कमरेत कमी वाकतो. डॉक्टरनं हे सगळं तपशिलात लिहिलं होतं आणि निदानाच्या जागी नुसतं 'कमरेचा ताठरपणा' लिहून मोकळा झाला होता. मला मात्र रोग स्वच्छ दिसला. मी एम पंचेचाळीस, टिंब सहा लावलं, आणि नऊ न लावता बरोबर ठिकाण लावलं म्हणून मनातून थोडी फुगलेही.

तासाभरात सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"हे नाव डाक्टरनं लिहिलं हाये काय?"

"नाही सर. पण लक्षणं सगळी..."

"लिहिलं हाये काय?"

"नाही. मले दिसलं, सर."

"तुले दिसलं!" सर हॉलकडं वळून म्हणाले. "ऐका रे पोट्टेहो, हिले दिसलं! तुह्या डोयाचा पगार देते काय कंपनी? तू डाक्टर हायेस? दिसलं ते आपल्यापाशी ठेवाचं. लिहिलं तेवढं लावाचं."

माझे गुण कापले. माझं कायम होणं तीन महिने पुढं गेलं. सरांनी विचारणा पाठवली, अर्थातच काहीही न सुचवता. आठ दिवसांनी तिकडच्या डॉक्टरनं उत्तर दिलं, आणि त्यात हाच रोग, हीच कंबर. सरांनी मला बोलावून ते दाखवलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, पोरी, तुझं बरोबर होतं. ते म्हणाले, "आता लिहिलं. आता लाव." त्या माणसाचा मला विलक्षण संताप आला.

ज्या दिवशी ही बोलणी खाल्ली, त्या दिवशी मी चिडूनच घरी गेले होते. दादा टीव्हीसमोर तासभर बसला होता. उठताना अर्ध्यात वाकडा झाला, कमरेला हात लावून तसाच थांबला. मी म्हटलं, "झालं सुरू तुहं नाटक? ऊठ न लवकर, आळशी कुठला."

त्यानंतर काही दिवसांनीच सरांनी मला जिन्याच्या तोंडाशी गाठलं. दादा नुकताच मला सोडून गेला होता. सरांनी घसा साफ केला. "तुझ्या बंधूंच्या प्रकृतीबाबत तुला काही अधिक नमूद करायचं आहे का?"

मी चमकले. सरांची एक भाची बार्शीटाकळीला होती आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे, हे शबानानं कुठून तरी आणलं होतं. मला वाटलं, हा माणूस दादाची चौकशी करतोय. घरचा जावई करायचा म्हणजे प्रकृती विचारणारच. हसू दाबत मी म्हटलं, "बरा हाये सर." मग वाटलं, उद्या मुलीकडच्यांनी नाव ठेवायला नको, आपण आधीच खरं सांगितलेलं बरं. "जरा आळशी हाये. बाकी एकदम बरा."

"एवढंच?"

"एवढंच, सर."

सरांनी लाल वही काढली आणि लिहिलं. मी आत जाऊन शबानाला सांगितलं, सर पत्रिका मांडताहेत. पुढं आठवडाभर ती दादाला दुल्हे राजा म्हणायची. सरांकडून काही आलं नाही. भाचीचं लग्न दुसरीकडं झालं.

तीन वर्षं गेली. दादाची दोन वर्कशॉपं सुटली. व्हॉलीबॉलला तो जाईनासा झाला. आम्ही म्हटलं, वय वाढतंय. मागं कुणी हाक मारली तर तो कमरेत न वळता अख्खा फिरायचा, आणि आम्ही म्हटलं, काय तोरा आहे याचा. मग एकदा त्याचा उजवा डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना. राजापेठेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं मी त्याला नेलं. त्यांनी डोळा तपासला, दिवा बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का? तासभर?"

दादा त्यांच्याकडं बघतच राहिला. आजवर त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. "हो न," तो म्हणाला. "पन तुमाले कसं समजलं?"

डोळ्याच्या डॉक्टरला कळलं, कारण या आजारात कधीकधी डोळाही आतून सुजतो. बाईंनी अकोल्याच्या एका सांध्यांच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. अकोल्यात एक्सरे झाला, रक्त झालं, आणि निदानाच्या जागी पहिल्यांदा पूर्ण नाव आलं. ते डॉक्टर समजूतदार होते. दादाला समोर बसवून म्हणाले, तीन वर्षं आधी आला असतास, औषध आणि व्यायाम सुरू झाला असता, तर कंबर बरीच मोकळी ठेवता आली असती. आता खाली जे जुळलं ते जुळलं. वरचं वाचवू. दादानं विचारलं, व्हॉलीबॉल? डॉक्टर म्हणाले, पोहायला शीक.

मी ऑफिसात सुट्टीचा अर्ज दिला आणि कारण सांगितलं. शबाना रडली. सर ऐकत होते. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी विचारलं, "डाक्टरनं ठिकाण लिहिलं काय?"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. माझा भाऊ आयुष्यभर वाकणार नव्हता आणि या माणसाला शेवटचा अंक हवा होता. "सहा, सर," मी म्हटलं. "नऊ नाही. झालं समाधान?"

सरांनी मान हलवली. खरंच समाधानानं हलवली, असं मला तेव्हा वाटलं.

पुढं कंपनीनं एक सॉफ्टवेअर आणलं. ते टिपण वाचून आपोआप आकडा लावतं, ठिकाणसुद्धा. ऑडिटर कमी केले. सरांचा निरोपसमारंभ झाला, त्यात दह्यात भिजवलेले गिलावडे मागवले होते. निघताना सरांनी माझ्या टेबलावर रबर लावलेला लाल वह्यांचा गठ्ठा ठेवला. "हे तुले. पाहत जाय. यातून शिकशीन." मला त्या माणसाकडून काहीही शिकायचं नव्हतं. मी गठ्ठा कपाटात टाकला.

दिवाळीच्या साफसफाईत तो निघाला. रद्दीत द्यायच्या आधी एक वही सहज उघडली आणि वाचतच गेले. पानांमागून पानं, अमरावतीचा तो रस्ता. भाजीवाली, झेरॉक्सवाला, शाळेचे मास्तर. प्रत्येकापुढं तारीख, काय दिसलं ते, कोड, आणि कोडापुढं कंसात 'डॉक्टरची नोंद नाही'. मधेच एका पानावर हे होतं.

'मोटारसायकलवरचा मुलगा, आपल्याकडील मुलीचा भाऊ. वय अंदाजे सव्वीस. मागे पाहताना कमरेत वळत नाही, सर्व अंग फिरवतो. गाडीवरून उतरताना कंबर हाताने सोडवतो. सकाळी जास्त. संध्याकाळी घ्यायला येतो तेव्हा चाल मोकळी. एम पंचेचाळीस, टिंब सहा. (डॉक्टरची नोंद नाही.)'

तारीख दादाच्या निदानाच्या तीन वर्षं आधीची, त्या सुताराच्या चार्टच्याही आधीची.

मी वही मिटली. त्याला दिसलं होतं. गॅलरीतून, चहा पिता पिता, कुठलाही एक्सरे न काढता, अंकासकट दिसलं होतं. आणि तो रोज सकाळी मला गुड मॉर्निंग म्हणत होता.

पुढच्या आठवड्यात दादाची अकोल्याची तारीख होती. दवाखाना आटोपला आणि मी म्हटलं, जठारपेठेत सरांना भेटून येऊ. दादा म्हणाला, मी खालीच उभा राहतो, बसलं की पुन्हा धरते. मी एकटी वर गेले. सरांनी दार उघडलं. घरातही गळ्यापर्यंत बटणं. मी पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. वहीचं ते पान त्यांच्यासमोर धरलं.

"तुमाले तीन वर्सं आधीच माहीत होतं."

सरांनी चष्मा लावून वाचलं. "माहीत नव्हतं. दिसलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"मी डाक्टर हाये काय? सुचवाचं नसते, हे तुले मीच शिकोलं."

"तो चार्ट नव्हता सर! माहा भाऊ होता. एक वाक्य बोलाचं होतं. याले चांगल्या डाक्टरले दाखव, एवढंच. तेवढ्यानं त्याची कंबर वाचली असती."

सरांनी माझ्या हातातून वही घेतली, आठ-दहा पानं पुढं उलटली, आणि बोट ठेवून माझ्यासमोर धरली. त्यांना ती जागा शोधावी लागली नाही.

'मो. सा. वरील मुलगा. त्याच्या बहिणीस विचारणा केली. काही सुचवले नाही. उत्तर : बरा आहे. जरा आळशी आहे. पुन्हा विचारले. उत्तर : एवढंच. नोंद बंद.'

"मी इचारलं होतं," सर म्हणाले.

त्यांचा आवाज खाली आला होता की नेहमीचाच होता, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. मला जिन्याचं तोंड दिसत होतं आणि हसू दाबणारी मी दिसत होते. त्यांनी पाहिलं, ओळखलं आणि आपल्या नेभळट, नियमबद्ध पद्धतीनं का होईना, दार वाजवलं. मी त्या घरात राहत होते. परदेशातल्या सुताराची कंबर मला कॉम्प्युटरवर दिसली, आणि त्याच संध्याकाळी माझ्यासमोर वाकडा झालेला भाऊ दिसला नाही. मला भयंकर लाज वाटली. आणि लाज वाटायला लावल्याबद्दल त्या माणसाचा पुन्हा रागही आला. तो राग अजून आहे. विचारणा म्हणे! आग लागलेल्या घरापुढं उभं राहून, आपणांस उष्णतेबाबत काही नमूद करायचं आहे का, असं विचारणारा माणूस मला कधीच आवडणार नाही. सरांनी पाणी विचारलं. मी नको म्हटलं आणि वही तिथंच ठेवून उतरले.

फाटकाशी दादा उभा होता. माझी चाहूल लागली तसा तो अख्खा वळला.

"काय म्हन्ले सर?"

"काई नाई. तब्येत इचारत होते तुही."

"चांगला मानूस हाये," दादा म्हणाला.

अमरावतीच्या एसटीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. बोरगाव मंजू मागं पडलं. मग सहज, कुठलाही आरोप नसलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "बाई, तू एवढे चार्ट पाहाची रोज. तुले कधी वाटलं नाई काय, का हे तं आपल्या दादासारखंच हाये?"

सरळ प्रश्न होता, उत्तरासकट. मी पर्समध्ये तिकीट शोधत राहिले. ते माझ्या हातातच होतं.

"डाक्टरनं लिहिलं नव्हतं न, दादा," मी म्हटलं.

"हो, तेही खरंच हाये," तो म्हणाला, आणि बाहेर पाहण्यासाठी सगळं अंग खिडकीकडं फिरवून बसला.